माव्यावरची तुझी कविता
तुझी कविता सावकाश वाचली. जास्वंदीच्या कळीवरचा मावा, म्हणजे ते रस शोषणारे बारीक किडे, बोटांनी चिरडताना तुला अपराधी वाटलं, ते कडवं मनाला भिडलं. कुणी कितीही हसलं तरी ते काढू नकोस. 'दुष्ट मुंग्या' मात्र पुन्हा बघ. मुंग्या कळी खात नाहीत. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकट द्रव चाटायला येतात आणि त्यासाठी माव्याची राखण करतात. कवितेला याहून चांगलं काय हवं!

आणि हो, कोथरूडच्या तुझ्या गच्चीवर ऊन उतरलं की लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूनं फवार. काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर ती फांदी सोड, तो मावाच खातो.