पणजोबांची मेसोपोटेमियातील पत्रे हाती घेताना

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या शिपायाची पेटीत सापडलेली पत्रे लगेच उलगडू नका. घडीवर चिरलेल्या कागदाचे आधी छायाचित्र घ्या, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.

मजकूर मोडीत असेल तर जाणकार वाचक शोधावा लागेल, पण त्याआधी मिती नीट पाहा. इसवी सन काढण्यासाठी शकात ७८ मिळवण्याची सवय इथे फसवते, कारण माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८३७ च्या माघातले पत्र १९१६ चे ठरते, आणि तेव्हा मेसोपोटेमियातले कूत अल-अमारा हे गाव तुर्की सैन्याच्या वेढ्यात होते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या, म्हणून त्यांतल्या शिपायाचे त्या महिन्यांतले पत्र घरी पोहोचले असेल, तर तो त्या वेळी कूतबाहेर, कदाचित इस्पितळात असावा, ही शक्यता आधी तपासावी. पुढे १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले, हेही कागद जुळवताना ध्यानात ठेवा.

अक्षर पत्रागणिक बदलते म्हणून पत्र खोटे मानू नका. निरक्षर शिपाई सोबत्याकडून लिहून घेत, आणि पत्र सेन्सॉरच्या नजरेखालून जाणार हे दोघांनाही ठाऊक असे. त्यामुळे ‘सुखरूप आहे’ या शब्दांवर मी फारसा विसंबत नाही. बैल विकला का, सावकाराचे किती फिटले, असे प्रश्न मात्र सहसा त्याचे स्वतःचेच असतात, आणि माझ्या मते वाचनाची सुरुवात तिथूनच करावी.