गंज की कळंक?

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: संग्रहालयातल्या जुन्या पितळी समईच्या पाटीवर ‘गंजलेली समई’ असं लिहिलेलं चालेल का? आणि ‘ब्राँझ डिसीज’ला, म्हणजे जुन्या काशाच्या वस्तूंना आतून खात जाणाऱ्या विकाराला, मराठीत ‘कांस्यरोग’ म्हणावं का?

‘गंजलेली’ नको. गंज लोखंडाचा, तो तलवारीला, नांगराच्या फाळाला चढतो. तांब्या-पितळेवर आणि काशावर चढतो तो कळंक. ‘कलंक’ आणि ‘कळंक’ मुळात एकच, पण अब्रूला ल आणि भांड्याला ळ अशी सुरेख वाटणी मराठीने करून ठेवली आहे. क्रियापदही तयार आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की त्यातलं आम्ल तांब्याला लागतं, ताकाला हिरवट झाक येते, चव बिघडते. मग आमच्या साताऱ्यात काय किंवा तुमच्या सांगलीत काय, ‘ताक कळकलं’ असंच म्हणतात. इतका नेमका शब्द घरात असताना पाटीवर तो यायलाच हवा.

‘कांस्यरोग’ मला पटत नाही, कारण हा विकार निव्वळ तांब्यालाही जडतो. जमिनीत पुरलेल्या वस्तूत मातीतले क्लोराइड क्षार शिरतात आणि आत क्युप्रस क्लोराइड हा तांब्याचा क्षार तयार होऊन बसतो. वस्तू बाहेर आली, दमट हवा लागली, की त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. वर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसते. ती झटकली तर खाली खड्डा. म्हणून अशी वस्तू बेंझोट्रायाझोल या तांब्याची झीज रोखणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवून काढतात आणि कपाटातली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे सोपं नाही.

याउलट घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर धातूला राखतो. तो चिंचेने घासून काढणं म्हणजे वस्तूचं वय पुसणं. कृपया कोणी करू नये.

हा फरक दाखवायला नवं नाम घडवण्यापेक्षा क्रियापद बदलावं. थर शांत असेल तर ‘कळंक चढला आहे’, पूड सुटत असेल तर ‘कळंक खातो आहे’. तुमच्या समईवर पूड नसेल, तर पाटीवर ‘कळंक चढलेली पितळी समई’ एवढं लिहा.