विचारा की! : शाळा हुकलेली मास्तरीण

प्रश्न : ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे, चौथीत. गेल्या महिन्यात सहज म्हणून एका सिरियलच्या ऑडिशनला नेली आणि ती सिलेक्टच झाली. शूटिंग कोल्हापूरच्या जवळच आहे पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस जावं लागेल म्हणतात. मिस्टर म्हणतात शाळा बुडणार. माझ्या दिरांना जुन्या पिक्चरचा लई नाद, ते म्हणतात कसली शाळा घेऊन बसलाय वहिनी, ती जपानची हिदेको ताकामिने पाचव्या वर्षी कामाला लागली, शाळेचं तोंड धड बघितलं नाही आणि केवढी मोठी हिरॉइन झाली. मला त्या बाईबद्दल काहीच माहिती नाही. खरं काय ते सांगा, आणि पोरीला पाठवू का नको तेही सांगा.
(एक आई, राजारामपुरी)

उत्तर : तुमचे दीर खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांनी अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं मी सांगते, जरा लांबेल पण वाचा.

हिदेकोचा जन्म २७ मार्च १९२४ चा, जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आहे तिथल्या हाकोदाते गावात. लहान असतानाच आई क्षयानं गेली आणि आत्यानं दत्तक घेऊन तिला तोक्योला नेलं. ही आत्या आधी बेन्शी होती. बेन्शी म्हणजे मूकपटाच्या वेळी पडद्याच्या बाजूला उभं राहून सगळ्यांचे डायलॉग बोलणारी, गोष्ट सांगणारी व्यक्ती, आणि जपानमध्ये त्यांचा एवढा बोलबाला होता की पब्लिक बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचं. ‘हिदेको ताकामिने’ हे नावसुद्धा त्या आत्याचं स्टेजवरचं, तेच पोरीला लावलं.

१९२९ साली आत्याचा नवरा पोरीला घेऊन शोचिकू कंपनीच्या स्टुडिओत गेला, तिथं लहान मुलींची निवड चालली होती, त्यानं हिलाही रांगेत शेवटी उभी केली आणि नेमकी हीच निवडली गेली. पिक्चरचं नाव ‘हाहा’, म्हणजे आई. (त्याच साली आपल्या कोल्हापुरात प्रभात कंपनी सुरू झाली, म्हणजे बघा किती जुना काळ.) मग काय, एकामागून एक पिक्चर. कधी मुलगी तर कधी केस कापून मुलगा. लोक लाडानं देको-चान म्हणायचे. सातव्या वर्षीचा तिचा ‘तोक्यो कोरस’ मी बघितलाय, ओझू नावाच्या डायरेक्टरचा. बापाची नोकरी गेलेली, हिला दवाखान्यात ठेवलेलं, बरी होऊन घरी येते तेव्हा सगळे गोल बसून टाळ्यांचा खेळ खेळतात आणि आईला तेव्हाच कळतं की औषधपाण्यासाठी नवऱ्यानं तिचे किमोनो विकलेत. आईबापाच्या डोळ्यांत पाणी आणि पोरगी आपली खुशीत टाळ्या वाजवतीय. मी तो सीन तीनदा मागं घेऊन बघितला.

आता दीर सांगत नाहीत ते. १९३४ ला हाकोदाते गावाला प्रचंड आग लागली, गावाचा मोठा भाग जळाला, आजोबांचं सगळं बिऱ्हाड तोक्योला आलं आणि या दहा वर्षांच्या पोरीच्या कमाईवर जगायला लागलं. दहा वर्षं म्हणजे तुमच्या लेकीपेक्षा फक्त एक वर्षानं मोठी हो. शाळेत नाव घातलेलं पण पोरगी स्टुडिओत. तिच्या शाळेतले एक मास्तर होते, ती बाहेरगावी शूटिंगला निघाली की ते स्टेशनवर यायचे आणि गाडीत वाचायला लहान मुलांची पुस्तकं द्यायचे. त्या पुस्तकांवर ती लिहायला-वाचायला शिकली. मला तिच्या सगळ्या आयुष्यात हे मास्तर सगळ्यात जास्त आठवतात. तेराव्या वर्षी तिनं कंपनी बदलली, त्या नव्या कंपनीचीच पुढं तोहो कंपनी झाली, तिथं गेल्यावर मुलींच्या शाळेत जायला मिळालं, खुशीनं गेली पण शूटिंगमुळे हजेरी भरेना आणि तीही शाळा सुटली.

आणि नशीब बघा. १९३८ ला जो पिक्चर केला त्याचं नाव ‘त्सुझुरिकाता क्योशित्सु’, म्हणजे निबंधाचा वर्ग. पत्र्याचं काम करणाऱ्या एका गरीब माणसाची मुलगी शाळेत घरातल्या गोष्टी खऱ्या-खऱ्या निबंधात लिहिते अशी गोष्ट. वर्गात बसायला न मिळालेली पोरगी कॅमेऱ्यापुढं वर्गात बसून निबंध लिहितीय. मग १९५४ ला किनोशिता या डायरेक्टरचा ‘चोवीस डोळे’, त्यात ती मास्तरीण. शोदोशिमा बेटावर १९२८ साली एक तरुण बाई सायकलवरून, परदेशी कपड्यात शाळेत येते, गावातल्या बायका नाकं मुरडतात आणि वर्गात बारा पोरं, म्हणून चोवीस डोळे. त्या वर्षी जपानच्या ‘किनेमा जुनपो’ मासिकानं हा पिक्चर पहिल्या नंबरवर ठेवला होता, कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ तिसरा. नंतर गोल्डन ग्लोबही मिळाला.

त्यात मात्सुए नावाची पोरगी आहे. तिला लिलीच्या फुलाचं चित्र असलेला नवा जेवणाचा डबा हवा असतो, बाकी काही नाही. पण आई बाळंतपणात जाते आणि पोरीची शाळा सुटते ती सुटतेच. पुढं बाई सहलीला पोरं घेऊन ताकामात्सु शहरात जातात, एका खानावळीत शिरतात आणि आत गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी ओरडणारी पोरगी तीच मात्सुए. काय बोलणार? बाईंच्या तोंडून शब्द फुटत नाही. हिदेको त्या सीनमध्ये फारसं काही करत नाही, नुसती बघत राहते, पण ते बघणं मला ॲक्टिंग वाटलंच नाही कारण शाळेच्या वयात कामाला जुंपणं म्हणजे काय हे त्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढं तिनं स्वतःचं आयुष्य लिहून काढलं, ‘माझी पोट भरण्याची डायरी’ असा काहीसा अर्थ होतो नावाचा, आणि १९७६ ला त्याला जपानच्या निबंधकारांच्या क्लबचा पुरस्कार मिळाला. दत्तक आई, पैसा, त्यावरून कडू झालेलं नातं, सगळं मोकळेपणानं लिहिलं. शेवटचा पिक्चर १९७९ चा आणि २८ डिसेंबर २०१० ला, ८६ व्या वर्षी गेली.

म्हणजे शाळा नाही म्हणून ती मोठी झाली असं म्हणूच नका, स्टेशनवरच्या त्या मास्तरांमुळे जे हाताला लागलं ते तिनं जन्मभर सोडलं नाही. तुमच्या दिरांना हे नक्की सांगा. आणि कोल्हापूरच्या माणसानं ‘कसली शाळा’ म्हणणं मला खरंच लागलं, कारण इथं शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता, आणि तेव्हाचा रुपया.

आता पाठवू का नको. पाठवा, पण आधी पोरीला विचारा, सगळ्यांसमोर नाही, रात्री झोपताना विचारा. आणि नियम माहीत करून घ्या, बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत हे सगळं लिहिलंय. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांती न देता सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला लागते, ती मागून बघा, लाजू नका. अभ्यास तुटू नये याची सोय त्यांनी करायची आहे. आणि कमाईतले कमीत कमी २० टक्के मुलीच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे, ते तिला सज्ञान झाल्यावर मिळतात. मी तर म्हणते २० कशाला, घर तिच्या पैशावर चालत नसेल तर सगळेच ठेवा. मी सातवीत असताना एका पिक्चरच्या गर्दीत दोन दिवस उभी होते, उन्हात, परकर-पोलकं घालून, दुपारी पत्रावळीवर भात-आमटी. मजा आली होती, खोटं का बोलू, पण पैसे काकांच्या हातात गेले आणि किती मिळाले ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या लेकीला तिचा आकडा माहीत असू दे. आणि वर्गशिक्षिकांना आजच जाऊन भेटा, कुठल्या दिवशी काय बुडणार ते सांगा, गाडीत वाचायला पुस्तक द्या म्हणावं.

प्रश्न : आमच्या पिढीला बेबी शकुंतला आठवतात, प्रभातच्या ‘रामशास्त्री’तल्या. लग्नानंतर त्या आपल्या कोल्हापूरच्याच झाल्या. जपानच्या या बाईंनीही लग्नानंतर काम सोडलं का?
(एक आजोबा, मंगळवार पेठ)

उत्तर : नाही आजोबा. शकुंतलाबाईंनी लग्नानंतर पिक्चर सोडले, उमादेवी नाडगोंडे म्हणून इथंच राहिल्या आणि २०१५ ला इथंच गेल्या. हिदेकोनं १९५५ ला झेन्झो मात्सुयामाशी लग्न केलं, तो तेव्हा किनोशिताचा असिस्टंट होता, म्हणजे नाव हिचं मोठं आणि त्याची अजून सुरुवात. पण हिनं काम चालूच ठेवलं आणि १९६१ ला नवऱ्यानं पहिल्यांदा डायरेक्शन केलं त्यात हीच हिरॉइन, ऐकू-बोलता न येणाऱ्या जोडप्याची गोष्ट आहे. ‘रामशास्त्री’ १९४४ चा, तुम्ही थिएटरात बघितला असेल तर त्याबद्दल सविस्तर लिहून पाठवा, छापू.

प्रश्न : ताकामिनेचे पिक्चर बघायचेत, सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : ‘चोवीस डोळे’पासून कर. त्यातली पोरं लक्ष देऊन बघ, किनोशितानं सख्ख्या भावंडांच्या जोड्या शोधून आणल्या होत्या म्हणजे पहिलीतलं पोर आणि सहावीतलं पोर एकाच चेहऱ्याचं दिसावं. मग नारुसे या डायरेक्टरचा ‘तरंगते ढग’, १९५५ चा, नारुसेबरोबर तिनं १७ पिक्चर केलेत. आणि मग १९६० चा, त्याचाच, ‘बाई जिना चढते तेव्हा’, ज्यात ती तोक्योतल्या गिन्झा भागातल्या बारची मॅनेजर आहे आणि रोज संध्याकाळी मनाविरुद्ध एक अरुंद जिना चढते. त्या पिक्चरमधले किमोनोसुद्धा तिनंच ठरवले होते. जिना चढण्याआधी ती खाली क्षणभर थांबते, तेवढं चुकवू नको.