पुसलेली डिस्क अडून बसली

प्रश्न : जुना कॉम्प्युटर भाचीला द्यायचा म्हणून हार्ड डिस्क पार पुसली. आता विंडोज टाकताना 'डिस्क जीपीटी आहे' म्हणून अडतंय. डिस्क गेली का?

उत्तर : नाही हो, गेली असती तर बहुधा दिसलीच नसती. पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जाता जाता जीपीटी तक्ता (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) मांडलेला दिसतोय. जुन्या बायोसला (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) विंडोजसाठी एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचा तक्ता लागतो. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळ्या खिडकीत इंग्रजीत 'डिस्कपार्ट' (diskpart) टाइप करून एंटर दाबा, मग तसंच 'लिस्ट डिस्क' (list disk). इथे जीबीचे आकडे दोनदा वाचा, म्हणजे आपली डिस्क कोणती ते चुकणार नाही. मी एकदा घाईत सेटअपचा पेनड्राइव्हच साफ केला होता! आपल्या डिस्कचा क्रमांक ० असेल तर 'सिलेक्ट डिस्क ०' (select disk 0), 'क्लीन' (clean), 'कन्व्हर्ट एमबीआर' (convert mbr) या आज्ञा एकेक करून द्या. मग सेटअपमध्ये रिफ्रेश करून पुढे चला. एमबीआरला २ टीबीची मर्यादा असते, पण जुनी डिस्क बहुधा तेवढी नसेलच.