अमेरिकेत कैद्याने तुरुंगाविरुद्धच्या दाव्यात आपले जुने खटले लपवले तर काय होतं?
मूळ तक्रार खरी असली तरी दावा तिथेच फेटाळला जाऊ शकतो. कलम 1983 (सरकारी अधिकाऱ्यांनी हक्क मोडल्याबद्दल दावा करू देणारं संघीय कलम) खालच्या दाव्याच्या छापील फॉर्ममध्ये आधीच्या खटल्यांचा रकाना असतो आणि खाली शपथेवर सही. फ्लोरिडातली संघीय न्यायालयं याबाबत फार कडक आहेत. कारण कैद्यांच्या दाव्यांबाबतचा 1996 चा कायदा: तीन दावे बिनबुडाचे, त्रास देण्यासाठी केलेले किंवा कायद्यात न बसणारे म्हणून फेटाळले गेले, की फी हप्त्याने भरायची सवलत जाते, सगळी आधीच भरावी लागते. (जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र सवलत राहते.) न्यायालयाच्या संगणकात नाव टाकलं की जुने खटले दिसतातच. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं, 'नाही'वर खूण करू नये.