ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ, जीटीएक्स ७५० टीआय की जीटी १०३०?

मित्रा, कॅबिनेट पूर्ण उंचीचं असेल तर डोळे झाकून जीटीएक्स ७५० टीआय घे. कार्ड २०१४ चं असलं तरी गेममध्ये २०१७ च्या १०३० ला मागे टाकतं. साधारण ६० वॅट खातं. बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, तरी कार्डावर पॉवर केबलसाठी ६ पिनचं सॉकेट आहे का ते आधी बघ. ऑफिसातून निघालेला बारीक पीसी असेल तर ३० वॅटचं, लो प्रोफाइल (कमी उंचीचं) १०३० बरं.

इथंच नवीन पोरं फसतात. १०३० दोन प्रकारच्या मेमरीत मिळते: जीडीडीआर५ आणि डीडीआर४. नाव तेच, पण डीडीआर४ वालीची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करायचा वेग) जेमतेम एक तृतीयांश. खोक्यावर विश्वास ठेवू नको, दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ‘मेमरी टाइप’ बघ. मी न बघता घेतली आणि पस्तावलो.

आणखी दोन गोष्टी:
- जुनं कार्ड चालवून बघूनच घे. आपल्या सोलापुरात यंत्रमागाजवळच्या घरांत पंख्यात कापसाचा तंतू अडकून बसतो. ब्रशनं काढ. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा फरक कळेल.
- रॅमची एकच ४ जीबी काडी असेल तर आधी ती वाढव.

ओव्हरक्लॉकिंगचं (कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं) नंतर बघू. आधी ७२०पी रिझोल्यूशन, लो ग्राफिक्स सेटिंगवर खेळ. वॅलोरंट गेम मस्त चालेल!