मदरबोर्ड बदलल्यावर लिनक्सची डिस्क रिकव्हरी की स्वीकारत नाही, काय करावे?

दादरच्या दुकानात मदरबोर्ड बदलून घेतल्यावर कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) डिस्क आपोआप उघडेनाशी झाली आणि वहीत उतरवलेली रिकव्हरी कीही चालत नाही, असे आपण लिहिले आहे. जुन्या टीपीएम चिपमध्ये (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी, मदरबोर्डावरची चिप) बांधलेली किल्ली बोर्डाबरोबर गेली, त्यात नवल नाही. मात्र रिकव्हरी की लक्स हेडरच्या (लक्स ही लिनक्सची डिस्क-कूटबद्धीकरण पद्धत; हेडर म्हणजे डिस्कवरचा तिचा माहितीचा भाग) वेगळ्या स्लॉटमध्ये, म्हणजे किल्लीच्या खणात, असते, त्यामुळे ती अजून चालायला हवी.

सिस्टमडी-क्रिप्टएनरोलने (डिस्कला किल्ल्या जोडणारा लिनक्सचा आदेश) दिलेली की ६४ अक्षरांची, आठ-आठच्या आठ गटांत असते आणि तीत सी, बी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल, एन, आर, टी, यू, व्ही ही सोळाच अक्षरे येतात. म्हणजे वहीत आपल्याला ‘ए’, ‘ओ’ किंवा एखादा आकडा दिसत असेल, तर ते अक्षर चुकीचे वाचले आहे. पावसात भिजून शाई फुटलेल्या पानावर यू-व्ही आणि आय-एल हमखास फसवतात. शिवाय साध्या क्रिप्टसेटअपला (लक्स डिस्क उघडणारा आदेश) ती की लहान लिपीत, मधल्या आडव्या रेघांसह जशीच्या तशी लागते, आणि बहुतेक वेळा घोडे इथेच अडते.

लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स) क्रिप्टसेटअपचा लक्सडंप हा हेडरची माहिती दाखवणारा आदेश चालवून स्लॉट शाबूत असल्याची खात्री करा आणि टेस्ट-पासफ्रेज पर्यायाने की तपासा. त्याआधी लक्स-हेडर-बॅकअप, म्हणजे हेडरची प्रत, दुसऱ्या ड्राइव्हवर अवश्य घ्या, कारण हेडर बिघडले तर अचूक कीसुद्धा निरुपयोगी ठरते.